हात खाली येईपर्यंत

व्हर्ना ओल्सगार्डला छोट्या वृंदातून काढलं, ही बातमी तिच्याआधी चर्चच्या तळघरातल्या कॉफीच्या किटलीपाशी पोचली होती. टॅमरॅकसारख्या गावात दुसरं काय होणार? मिनेसोटातला हिवाळा लांबलचक, आणि बोलायला विषय कमी.

गावाचा गायकवृंद मोठा. ज्याला तोंड आहे तो त्यात गातो, कुणाला नाही म्हणायचं नाही. पण त्यातल्याच निवडक सोळा जणांचा छोटा वृंद निराळा. साथीला वाद्य नाही, लपायला पुढे कुणाची पाठ नाही. व्हर्ना त्यात वीसेक वर्षं बायकांच्या खालच्या सुरात गायली, कायम मैत्रीण मॅव्हिसच्या डाव्या हाताला. नवरा गेला त्या आठवड्यातही तिनं तालीम चुकवली नाही. तो वृंद तिचं घर आहे असं कुणी म्हटलं असतं तर तिनं नाक मुरडलं असतं. पण होतं खरं.

नवा संचालक ट्रेंट हॅलोरन आला आणि त्यानं सगळ्यांची पुन्हा परीक्षा घेतली, एकेकट्याला खोलीत बोलावून. लांब सूर धरताना व्हर्नाचा आवाज थरथरला आणि श्वास मध्येच तुटला. खोटं कशाला बोला, तुटलाच.

“मोठ्या वृंदात तुमची जागा आहेच की,” कॉफीच्या वेळी ट्रेंट गोड आवाजात म्हणाला.

“तिथं जागा सगळ्यांनाच असते. अरे, वृंदातलं माणूस एकटं ऐकून तुला काय कळणार? मॅव्हिसशेजारी उभी कर आणि मग ऐक.”

“नियम सगळ्यांना सारखा, व्हर्ना.”

“मग त्या नियमालाच गायला लाव!”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मागून कुणीतरी पुटपुटलं. व्हर्नानं ते ऐकलं आणि सोडूनही दिलं. तिला लागलं ते वेगळंच. मॅव्हिस शेजारीच उभी होती आणि कपात बघत होती.

बाहेर मॅव्हिस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती, तिथं व्हर्नानं तिला गाठलं.

“एक शब्द बोलली नाहीस.”

“अगं, बोलले असते तर मलाही घरी बसवलं असतं. माझ्या तरी श्वासात कुठं दम उरलाय?”

“असं होय! म्हणजे बुडायचं ते मी एकटीनं.”

मॅव्हिस काच खरवडत राहिली. ती काच केव्हाच साफ झाली होती.

लांब सूर कुणी एकटं धरतच नाही, हे या वृंदात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. शेजारीण श्वास घेते तेव्हा आपण घ्यायचा नाही, तिचा घेऊन झाला की आपण. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. या दोघींत आधी मॅव्हिस आणि मग व्हर्ना, असं ठरवल्याशिवाय ठरून गेलेलं होतं. आणि हा गृहस्थ त्यांना एकेकटं मोजून मोकळा झाला!

नाताळच्या कार्यक्रमाला चर्च गच्च भरलं होतं. रिवाजाप्रमाणे मध्यावर छोटा वृंद लाकडी पायऱ्या उतरून पुढे आला, बाकीचा मोठा वृंद मागे पायऱ्यांवरच बसला. व्हर्ना बसली नाही. गुडघा कुरकुरत होता, तरी ती एकेक पायरी उतरत खाली आली.

“व्हर्ना, जाऊन बसा,” ट्रेंट ओठ न हलवता म्हणाला.

“हात वर कर. लोक खोळंबलेत.”

मॅव्हिसनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण ती अर्धं पाऊल उजवीकडे सरकली, आणि डाव्या हाताला एका माणसापुरती जागा झाली. व्हर्ना तिथं उभी राहिली. सगळ्या गावासमोर काय करणार बापडा! ट्रेंटनं हात उचलला.

गाणं शेवटच्या सुरावर आलं. संचालकाची मूठ मिटेपर्यंत कुणी थांबायचं नाही, हा नियम त्यालाही ठाऊक होता. त्यानं मूठ मिटलीच नाही. हात तसाच उंच धरून तो थेट व्हर्नाकडे बघत राहिला. आता तुटू दे, गावाला ऐकू दे, हे त्याच्या डोळ्यांत तिला स्वच्छ दिसलं. तिला भीती वाटली. छातीतली हवा संपत आली होती.

तेवढ्यात मॅव्हिसचा खांदा किंचित वर झाला. तिनं श्वास घेतला, व्हर्नानं सूर धरला. मग मॅव्हिसनं धरला, व्हर्नानं श्वास घेतला. मागच्या रांगेत पुरुषांनीही तेच चालवलं. व्हर्नाचा आवाज थरथरला असेलही. त्याच्या खाली मॅव्हिसचा होता, मॅव्हिसच्या खाली तिचा. बघू या, व्हर्ना मनात म्हणाली, कोण आधी थकतं ते.

ट्रेंटचा हात थरथरू लागला. पहिल्या बाकावरच्यांनाही ते दिसलं. अखेर त्यानं मूठ मिटली आणि हात खाली आला.

टाळ्या चालू असतानाच तो या दोघींजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “जानेवारीत पुन्हा परीक्षा आहे. एकेकट्याची.”

व्हर्ना तोंड उघडणार, तोच शेजारून घोगरा आवाज आला.

“दोघी येऊ,” मॅव्हिस म्हणाली. “एकटं कुणी येणार नाही. आणि त्या हाताला घरी जाऊन शेक दे बरं, दुखत असेल.”