आल्यासारखं

उशीच्या अभ्र्याची गाठ गालाखाली टोचत होती आणि सुकन्याला ती तशीच टोचू द्यायची होती. हलायचं नाही. कूस बदलली की सगळं सांडतं, असं दवाखान्यातल्या ज्योत्स्नानं सांगितलं होतं. जाग आली की डोळे उघडायचे नाहीत, मोबाईलकडे हात न्यायचा नाही, आज वार कोणता हेसुद्धा मनात आणायचं नाही; स्वप्नाचं जे टोक हाताला लागेल ते धरून मागे मागे जायचं, आणि चित्र सापडलंच नाही तर निदान मन कसं आहे ते बघायचं, जड आहे की हलकं… सुकन्यानं बघितलं. मन हलकं होतं. इतकं, की तिला त्याची भीती वाटली. आणि मग त्या हलकेपणाला धरूनच ते वर आलं — कापड फाडल्याचा आवाज, लातूरच्या गोलाई बाजारातलं सासरचं कापडाचं दुकान, गादीवर मांडी घालून बसलेला सोमेश.

सोमेश. तिचा नवरा. तापाचं निमित्त होऊन तो गेला त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता, आणि एवढ्या काळात तो तिच्या स्वप्नात एकदाही आला नव्हता.

तो यायचा आईकडे. रत्नम्मा — तिच्या सासूबाई, ज्यांना ती माहेरच्या वळणानं आत्याबाई म्हणायची — सोमेश गेल्यावर लातूरहून नांदेडला सुनेच्या सोबतीला म्हणून येऊन राहिल्या होत्या. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसत आणि सांगत, ‘‘आज बी आला होता बघ. लई वाळलाय.’’ सुरुवातीला तो नुसता यायचा. पाणी मागायचा, चप्पल शोधायचा. मग बोलायला लागला. खोलीतलं कपाट सरकवा म्हणाला, ते सरकवलं. त्याचे शर्ट कुणाला देऊ नका म्हणाला, तेही दिले नाहीत. आणि दिवाळीनंतर एका सकाळी रत्नम्मा म्हणाल्या, ‘‘म्हणला, अव्वा, तिला एकटीला नांदेडात ठिवू नको. लातूरला घिऊन जा.’’

सुकन्याच्या हातातला चहा तसाच राहिला होता. तिची नोकरी इथं होती. कानाच्या डॉक्टरांकडे ती लोकांचं ऐकणं तपासायची, मशिनं बसवायची. हे दोन खोल्यांचं घर इथं होतं. पण नाही कुणाला म्हणायचं? दीर रुद्रेश म्हणाला असता तर म्हटलं असतं. गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणतात… तिनं काहीच म्हटलं नाही, आणि न म्हणण्याचाच होकार झाला. येत्या रविवारी रुद्रेश टेम्पो घेऊन येणार होता.

म्हणून तर ती स्वप्नं धरून ठेवायला शिकू लागली होती. माझ्याकडे का येत नाहीस तू? बारा वर्षं मी तुझ्या शेजारी झोपले. तुला माझं काही सांगायचं असेल तर ते मलाच का सांगत नाहीस? ज्योत्स्ना त्याच दवाखान्यात बोलता न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायची. तिला हे सगळं विचारलं तेव्हा ती हसली नव्हती. ‘‘स्वप्नं सगळ्यांनाच पडतात गं,’’ ती म्हणाली होती. ‘‘तू उठतेस तीच धावत. जरा थांबून बघ. आणि अर्थ लावायला पुस्तकं उघडू नकोस. स्वप्नात तुला काय वाटलं तेवढं बघ, बाकीचं मागून येतं.’’ मग एकेक सापडायला लागलं. आधी नुसते रंग, मग पूर आलेल्या नदीचा घाट, शाळेतली तुटकी घंटा, एक अनोळखी बाई जी तिच्याच चपला घालून निघून गेली. सगळं जग येऊन गेलं. तो सोडून.

आणि आज आला तर असा! लग्नाआधीचा, कोवळ्या मिशीचा. ज्या वयात मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं त्या वयाचा. दोन बोटांत अस्तराचं कापड ताणून त्यानं टर्र फाडलं, वर बघितलं, आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, ‘‘ताई, किती मीटर?’’

ओळखलं नाही त्यानं. आणि मी… मी रडले नाही, आरडाओरडा केला नाही, अरे मी, असं म्हटलं नाही. मला मोकळं वाटलं. कापड घेऊन मी पायऱ्या उतरले.

‘‘सुकन्या, उठली का गं?’’ बाहेरून आवाज आला आणि ती उठली.

आज उंबऱ्याशी रत्नम्मांनी तो आल्याचं सांगितलं नाही. सुकन्यानंही विचारलं नाही. डबा भरताना तिला वाटत होतं, ते हलकेपण चेहऱ्यावर दिसत असणार, कुंकवासारखं. ऑटोत बसल्यावर वजिराबादच्या गर्दीत तिनं स्वतःला बजावून पाहिलं — तुला दुःख व्हायला हवं. नवऱ्यानं ओळखलं नाही. पण दुःख काही आलं नाही. आली ती शरम. ती मात्र खरी होती. अर्थ असा असेल का, की मी त्याला विसरत चाललेय? की त्याला कधी ओळखलंच नव्हतं? की तो म्हणतोय, तू माझी कुणी लागत नाहीस, जा… हा शेवटचा अर्थ तिनं पटकन बाजूला सारला, कारण तो फार सोयीचा होता.

दवाखान्यात पहिलेच आले ते दगडोबा नावाचे म्हातारे शेतकरी, शिरूर अनंतपाळकडचे. सोबत लेक, सिंधु. सुकन्यानं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला, हातात खटका दिला. बारीकसा आवाज येईल, आला की दाबायचं. काचेअलीकडून ती आवाज सोडत राहिली, कमी कमी करत. म्हाताऱ्याचा चेहरा ताणलेला, डोळे मिटलेले. खटका दाबल्याचा दिवा तिच्यासमोर लागला. पुन्हा लागला. पण दुसऱ्या वेळी तिनं आवाज सोडलाच नव्हता. परत लागला. ती आत गेली, हेडफोन सरकवला आणि कानाशी मोठ्यानं म्हणाली, ‘‘बाबा, आवाज आला तरच दाबायचं.’’

‘‘आला की वो.’’

‘‘आत्ता मी सोडलाच नव्हता.’’

म्हातारा गोंधळला. खोटं पकडलं गेलेल्या माणसाचा चेहरा तिला ओळखू यायचा; हा तसा नव्हता. ‘‘न्हाई म्हंता? मला तर आल्यासारखं झालं…’’ तो म्हणाला. ‘‘लई कान दिऊन बसलं की येतोय बघा आपोआप.’’

हे ती रोज बघायची. ज्यांना ऐकू यावंसं फार वाटतं, त्यांना न सोडलेला आवाजही येतो. तिनं पुन्हा तपासणी सुरू केली. रोज सकाळी उंबऱ्याशी बसणारी ती बाई तिला दिसत होती, तशीच डोळे मिटून, कान देऊन बसलेली… ती खोटं सांगते असं मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं. आणि खोटं नसेल, तर खरंच असणार म्हणून मीच इतके दिवस घाबरले; तिला नुसतं आल्यासारखं होत असेल, हे मनातच आलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा रत्नम्मा गच्चीच्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सुकन्या समोर बसली, मूठभर शेंगा ओढून घेतल्या. खाली गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा वाजत गेला.

‘‘तुझ्याकडं येतो का गं तो?’’

इतक्या दिवसांत रत्नम्मांनी हे कधी विचारलं नव्हतं. सुकन्याचं बोट शेंगेच्या शिरेवर थांबलं. वाक्य तयार होतं, कुणी आतून आणून ठेवल्यासारखं — आला होता, म्हणाला सुकन्याला नांदेडलाच राहू दे. एवढंच. रत्नम्मा वाद घालणार नाहीत, रुद्रेशला फोन करतील, टेम्पो येणार नाही. लेकाचं ऐकतात त्या.

‘‘आज आला होता,’’ ती म्हणाली.

‘‘काय म्हणला?’’

‘‘…काही नाही. दुकानात बसला होता. गोलाईतल्या. अस्तर फाडत होता.’’

रत्नम्मांच्या हातातली शेंग खाली पडली. ‘‘तोंड दिसलं?’’

‘‘दिसलं. अगदी पोरसवदा होता. मिशी नुकती फुटलेली.’’

‘‘मला दिसंना झालंय,’’ रत्नम्मा हळूच म्हणाल्या. ‘‘कवापासून. नुसता आवाज येतो. पहिल्यांदा त्याचाच होता गं… आता कधी कधी वाटतं, मीच बोलायलेय.’’ मग एकदम पुढे वाकून, ‘‘नीट सांग. केस कसे होते?’’

सुकन्या सांगत गेली. पुढे आलेले, तेल लावलेले केस. दोन बोटांत ताणलेलं कापड. जे आठवलं नाही ते आठवत नाही म्हणून सांगितलं, आणि एक गोष्ट — ताई म्हणाला ती — स्वतःजवळ ठेवली. रत्नम्मा मान हलवत होत्या, हाव, तसाच होता, तसाच. डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हत्या.

ऐकताना त्यांचा चेहरा सुकन्या पाहत होती आणि तिला उमगत होतं, की लातूरला चल, हे सोमेश कधी म्हणालाच नव्हता. हे समोरचं माणूस म्हणत होतं, सुनेला सोडून घरी परतायला, एकटं पडायला भिणारं, मागायची सवय नसलेलं. रविवारी काय होईल ते तिला अजून सांगता येत नव्हतं. पण नाही म्हणायचंच झालं, तर ते आता या डोळ्यांकडे बघून म्हणावं लागणार होतं… आणि गेलेल्या माणसाला नाही म्हणणं याच्यापुढे किती सोपं होतं, असं वाटून ती शेंगा सोलायची थांबली.