आधी गुड मॉर्निंग

“आज मी जेवायला नाही हं, युफेमिया. मर्लिनानं बोलावलंय,” खांद्यावर टॉवेल टाकत मार्गो म्हणाली.

मी नीरफणस सोलत राहिले.

मार्गो कॅनडाहून एकटीच आलेली, मी भाड्यानं देते त्या दोन खोल्यांपैकी एकीत उतरलेली. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, “आमच्या कॅरियाकू बेटावर काहीही विचारण्याआधी गुड मॉर्निंग म्हणायचं. दुकानात, बसमध्ये, रस्त्यात. नाही म्हटलंस तर कुणी ओळख देणार नाही. म्हटलंस, तर सगळं गाव तुला जपेल.” शिकवलं मी, आणि तिनं पहिलं गुड मॉर्निंग घातलं ते समोरच्या मासेवाल्या मर्लिनाला. तेव्हापासून हसणं तिकडे, जेवण तिकडे.

“पोहायला चाललीस?”

“खालच्या छोट्या खाडीवर. तिथल्या झाडाची सावली काय छान आहे ग.”

ते झाड मँचिनीलचं. पावसात त्याखाली उभं राहिलं की पानांवरून गळणारं पाणी अंग पोळून काढतं. खोडावरचा धोक्याचा तांबडा पट्टा कधीच उडून गेलाय. आणि आभाळ तर भरून आलेलं.

“मर्लिनाला विचार की,” मी म्हणाले. “तिला सगळं माहीत असतं.”

आणि हॅट घालून चर्चला गेले.

पास्टर क्विंटन बोलता बोलता गाऊ लागतात, त्या घटकेसाठी मी आठवडाभर जगते. ते ओळ सोडतात, आम्ही उचलतो. “दार लावून घेतलंस, पण बाहेर कोण राहिलं?” त्यांनी सूर चढवला. “कोण राहिलं?” सगळ्यांनी उचललं. इतक्यात पत्र्यावर पाऊस वाजू लागला. शेजारची मर्लिनाची जागा रिकामी होती.

गात्या प्रवचनातून मी आयुष्यात पहिल्यांदा उठले. बूट हातात घेऊन धावत सुटले.

खाडीवर, झाडापासून लांब उघड्या वाळूत, माशांच्या पाटीवरची ताडपत्री डोक्यावर धरून दोघी बसल्या होत्या.

“ते झाड... त्याखाली...” मला धाप लागली.

मर्लिनानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “सिस्टर युफेमिया, आधी गुड मॉर्निंग म्हण. मग झाडाचं बघू.”

“तू म्हणालीस तसं हिलाच विचारलं,” मार्गो म्हणाली. “ऐकल्याबरोबर चर्च सोडून माझ्यासोबत आली बघ. बरं झालं तू सांगितलंस.”

माझ्या हॅटवरून पाणी निथळत होतं.

“गुड मॉर्निंग,” मी म्हणाले.

मर्लिनानं ताडपत्रीचं टोक उचललं. मी खाली शिरले, पण जागा दोघींपुरतीच होती. माझा उजवा खांदा बाहेर भिजत राहिला, आणि मी तो आत ओढला नाही.