हिरव्या कोपऱ्याचा फडका

मित्रांनो, मला उलगडून बघायचे असेल तर दोन्ही हातांनी हळू धरा. मी एक जुना फडका आहे. जांबे गावातल्या गेणबांच्या माजघरात, खुंटीवर माझे बिऱ्हाड आहे. अंगाला बरीच भोके आहेत आणि एका कोपऱ्यावर हिरवा डाग आहे. भोकांची मला लाज वाटत नाही. डागाचा तर मला अभिमान आहे.

आधी मी गेणबांच्या धोतराचा भाग होतो. धोतर गुडघ्यापाशी फाटले, तेव्हा त्यांच्या पत्नी रंभाबाई यांनी मला टरकावून वेगळे केले आणि उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवले. त्यांना माझ्याकडून आंब धरायची होती.

आंब म्हणजे काय, ते सांगतो. भात निघाले की आमच्या खाचरांत हरभरा पेरतात. त्याच्या पाल्यावर आंबट खार असतो. पाला चाटून पाहिलात तर जीभ चरचरेल! थंडीत दव पडले की तो खार दवात विरघळतो. रंभाबाई पहाटे मला हरभऱ्यावर अंथरायच्या. मी ओलाचिंब झालो की मला पिळायच्या. जे आंबट पाणी गळायचे, ती आंब. पिळताना त्यांच्या भेगाळलेल्या बोटांना ती झोंबायची, आणि मला तर रोज थोडी थोडी खायची. माझी भोके तिनेच पाडली आहेत.

पण तिच्या जोरावर आमचे घर लखलखत असे. काळा पडलेला हंडा, किटण चढलेली समई, दाराची पितळी कडी, पाणी तापवायच्या भांड्यात तळाशी धरलेला पांढरा थर, सगळ्यांवर तीच चालायची. चिमूटभर राख, थोडी आंब आणि मी! घासायचे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचे. कोणाचे पोट दुखले तरी रंभाबाई आंबेचेच चार थेंब पाण्यातून देत. म्हणून त्या आंब चिनी मातीच्या बरणीत जपून ठेवत.

मग घरात चंद्रा आली. ती कासारसाई गावची, नवी सून. कामाला चपळ होती, पण रंभाबाईंच्या तोंडून तिला कौतुकाचा शब्द मिळत नव्हता. भाकरी थापली तर “जाड झाली,” सारवले तर “कोपरा ऱ्हायला.” चंद्रा मान खाली घालून ऐके. एकदा मला धुताना ती पुटपुटली होती, “येकदा तरी बरं म्हणा की, आत्याबाई.” ते मी एकट्यानेच ऐकले.

त्या हिवाळ्यात मांजराने फळीवरून उडी मारली आणि आंबेची बरणी फुटली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला पिळून नवी आंब काढली, पण ठेवायची कशात? चंद्राने माहेराहून आणलेला पितळी तांब्या नुकताच घासून पालथा घातला होता. रंभाबाईंनी तो उचलून उजेडात धरला.

“आरशावाणी घासलास गं,” त्या म्हणाल्या. “ह्यातच ठिवते. शोभंल हितं.”

चंद्राचे डोळे भरून आले. तिच्या तांब्याला घरातल्या औषधाचा मान मिळाला होता! आंब काठोकाठ भरून रंभाबाईंनी त्याच्या तोंडावर मला बांधले. माझा एक कोपरा आत बुडून राहिला.

काही दिवसांनी गेणबा जत्रेहून आले. मटण जरा जास्तच झाले होते. पोट धरून भिंतीला टेकले.

“अगं, दे की ती आंब! पोटात कुस्ती लागलीया.”

“खाताना कुनी हात धरला न्हवता,” रंभाबाई म्हणाल्या. “चंद्रे, तांब्या आन.”

चंद्राने मला सोडले आणि ती थबकली. माझा बुडालेला कोपरा हिरवा झाला होता.

“आत्याबाई, ही देऊ नगा. कळकलीया.”

“खुळी का काय तू? ताक कळकतं, आमटी कळकती. जी भांड्याची कळक काढती, तिलाच कळक लागंल व्हय?”

“तांब्याला आतून कल्हई न्हाई, आत्याबाई. घासून लगीच धुतलं तर निस्ता मळ जातो. साठवून ठिवलं तर पितळच तिच्यात उतरतं.”

“तुझ्याच तांब्याला मान दिला, तर तूच नाक मुरडतीस?”

 एवढ्या दिवसांनी मिळालेला चांगला शब्द हातचा निघून चालला होता. पण चंद्राने तांब्या दिला नाही. मला सासूबाईंच्या तळहातावर पसरले आणि म्हणाली, “माझा तांब्या ऱ्हाऊ द्या. ह्यो कोपरा बघा.”

रंभाबाईंनी मला उजेडात नेले. बोटाने चोळले. हिरवा रंग बोटाला लागला. त्यांनी एकदा बोटाकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे, आणि तांब्या परसात नेऊन खड्ड्यात रिता केला. गेणबांना ओवा आणि गरम पाणी मिळाले. संध्याकाळपर्यंत पोट निवळले, तसे ते म्हणाले, “सून हाय म्हनून वाचलो. बायकू तर निरोप द्यायलाच बसली हुती!”

“गप बसा,” रंभाबाई म्हणाल्या. पण त्या रात्रीच्या भाकरीला त्यांनी नाव ठेवले नाही.

पौडाहून काचेची बाटली आली. तिच्या गळ्यात रंभाबाईंनी मला बांधले, हिरवा कोपरा मुद्दाम बाहेर ठेवून. शेजारची धोंडाबाई आंब मागायला पितळी वाटी घेऊन आली, की त्या तो कोपरा दाखवून विचारत, “बाटली आनलीस का?”

पुढे घरात स्टीलची भांडी आली आणि मी खुंटीवर गेलो. कित्येक दिवस माझ्याकडे कोणी पाहत नसे. मग एकदा गेणबांचा पुतण्या कुशाबा पुण्याहून आला. तो तिथे खानावळीत कामाला होता. त्याने पांढऱ्या व्हिनेगरची बाटली आणली होती.

“ह्यानं काच, नळ, मोरी समदं चकाकतं, काकू.”

आता थकलेल्या रंभाबाईंनी वास घेतला. “आमच्या आंबेची भैन दिसती की रं ही!”

कुशाबा दाखवायला म्हणून पितळी वाटीत ओतू लागला. रंभाबाईंनी त्याचे मनगट धरले.

“थांब. कशात वतायचं ते आदी चंद्राला इचार.”

मित्रांनो, त्या दिवशी मी खुंटीवर असूनही मला पुन्हा कामावर घेतल्यासारखे वाटले. तुम्हीही घर जरूर चमकवा. आंबट पाण्यात मोठे बळ आहे. पितळेला लावलेत तर लगेच धुवा, आणि साठवायचे तर काचेत किंवा चिनी मातीत साठवा. आणि घरातला जुना फडका फेकून देण्याआधी त्याचे चारही कोपरे एकदा उलगडून बघा.