नेच्यावर पडलेली सावली

शाळेतून निवृत्त झालेल्या त्या चित्रकलेच्या बाईंची नखं कायम निळी, म्हणून अख्खी गल्ली त्यांना निळ्या बाई म्हणायची. औषध लावलेल्या कागदावर पान ठेवायचं, वर काच दाबायची, वीस मिनिटं उन्हात ठेवून धुवायचं. ऊन लागेल तिथे निळं, पानाखाली पांढरं. दिवसभर हाच उद्योग. बोलायला घरात होतं कोण?

एक धाकटी बहीण होती. आईच्या आजारपणात कोण जास्त राबलं, यावरून दोघींची जुंपली, त्याला सात वर्षं झाली. बाई रोज फाटकाकडे बघायच्या. पण फोन? छे! "मोठी मी आहे. तिने यावं." हट्ट म्हणजे हट्ट.

त्या दिवशी अंगणात नेचा, म्हणजे फर्नचं पान, उन्हात ठेवून बाई आत गेल्या. पडदे ओढलेल्या खोलीत पुढच्या कागदांना औषध लावलं, घड्याळ पाहिलं आणि बाहेर आल्या. बघतात तर फाटकाशी धाकटी! खांद्याला पिशवी, आणि सावली थेट काचेवर.

सात वर्षं मनात शंभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं काय, तर "अगं, सावली पडतेय! सरक आधी तिथून!"

धाकटी सरकली, ती सरळ रस्त्यालाच लागली.

"बघा! दोन मिनिटं धीर नाही. आली तशी गेली," बाई काच उचलता उचलता पुटपुटल्या. राग तर दोघींच्याही नाकावरच.

आत येऊन त्यांनी कागद पाण्यात बुडवला. निळं चढू लागलं, नेचा उमटला, अगदी पातं न् पातं. पण त्याच्यावरून आडवा एक फिकट खांदा, आणि खाली लोंबणारी पिशवी.

बाईंचे हात थांबले. दोन मिनिटांची सावली ऊन पुसून टाकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? इतकी स्पष्ट उमटायची तर माणूस जवळजवळ सगळी वीस मिनिटं तिथेच उभं असायला हवं. हाक मारायचा धीर गोळा करत.

ओल्या हातांनी त्यांनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला, पलीकडून नुसती बसची घरघर.

"चुकलं गं माझं," बाई म्हणाल्या. "आजचंच नाही, तेव्हाचंही."

नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. बाईंनी चौथ्यांदा लावला.