उदाजीचा चेहरा

मिरजेत आकाराम पेंटर जुनी तैलचित्रं दुरुस्त करायचा. १९७४ च्या माघात साताऱ्याच्या लालासाहेबांनी घराण्यातलं एक चित्र त्याच्याकडं आणलं. जरीच्या अंगरख्यातला, मंदील बांधलेला उदाजी आणि शेजारी परकरातली अंबू, अशी दोन भावंडं. उदाजी लहानपणीच गेलेला. अंबू म्हणजे लालासाहेबांची आत्या, आता पंच्याऐंशीच्या आक्कासाहेब. मोतीबिंदू काढायला त्याही मिरजेलाच आल्या होत्या.

चित्र साफ करताना आकारामच्या लक्षात आलं, दोन्ही चेहरे एकच आहेत. तीच निमुळती हनुवटी, तीच किंचित वर गेलेली डावी भुवई.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर आक्कासाहेब चित्र बघायला आल्या. खुर्ची अगदी जवळ घेऊन बसल्या.

"जुळी काय तुमी दोघं?" आकारामनं विचारलं.

"नाही. उदा वर्षानं मोठा. चितारी आला, उदा दोन दिवस त्याच्यासमोर बसला. तिसऱ्या दिवशी पटकी झाली, दिवस मावळायच्या आत संपला. आबांनी चितारी परत पाठवला नाही. उदाचा अंगरखा मला घातला आणि त्याच्या जागी बसवलं. अकरा दिवस. अंगरख्याला त्याचा वास येत होता."

लालासाहेबांनी हे कधी ऐकलं नव्हतं.

"आई या चित्राला रोज नैवेद्य दाखवायची," आक्कासाहेब म्हणाल्या. "मी बघत बसायची. आता उदाला आठवायला गेले, की माझंच तोंड समोर येतं."

आकाराम जरा घुटमळला. मग म्हणाला, "हनुवटीपाशी रंग सुटलाय, आक्कासाहेब. खाली दुसरं तोंड हाय. त्या दोन दिवसांतलं असंल."

"काढा वरचा रंग."

"आत्यासाहेब, चित्र वाया जाईल," लालासाहेब म्हणाले.

"चेहरा माझा आहे. मी सांगते, काढा."

चार दिवस लागले. आक्कासाहेब रोज दुपारी येऊन बसायच्या. कापसाच्या बोळ्यानं त्यांचा चेहरा थोडाथोडा निघत गेला आणि खालून तपकिरी रेघा वर आल्या. गोल हनुवटी, हसरं तोंड, पुढचा एक दात पडलेला. डोळ्यांच्या जागी काही नव्हतं. चितारी तिथवर पोचलाच नव्हता.

आक्कासाहेब चित्रावर वाकल्या.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"उदाजीकाका," लालासाहेब हळू आवाजात म्हणाले.

"मी याला ओळखत नाही."

"डोळे रंगवून देऊ का?" आकाराम म्हणाला.

"कुणाचे रंगवाल? परत माझेच?"

चित्र तसंच साताऱ्याला गेलं.

दिवाळीनंतर लालासाहेब कामानं मिरजेला आले, तेव्हा आकारामनं आक्कासाहेबांची चौकशी केली.

"सकाळी उठून चित्रासमोर बसतात," लालासाहेब म्हणाले. "पहिल्यांदा त्याला विचारायच्या, कुणाचा रे तू? आणि थांबायच्या, ऐकल्यासारख्या. श्रावणापासून विचारायचं बंद झालं."

"मग बरं हाय की."

लालासाहेबांनी नकारार्थी मान हलवली. "परवा मी हाक मारली, आत्यासाहेब, जेवायला चला. माझ्याकडं वळून त्या चित्रातल्या पोरासारखं हसल्या. म्हणाल्या, अंबू खेळायला गेलीय."