आत्या आली, मावशी आली

जोंधळ्याच्या डीएनएत सुकेशनीला दोन जनुकं शेजारी-शेजारी सापडली होती, सख्ख्या बहिणींसारखी. तिचा सगळा प्रबंध त्या दोघींवर उभा होता. पण परभणीला तिचे मार्गदर्शक म्हणाले, "दोन्हींच्या कडेला तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा आलेत. अशा जागी संगणक गोंधळतो, एकच जनुक दोनदा मांडतो. सोमवारी एक काढून टाक."

रविवारी भावाच्या लेकीचं बारसं. सुकेशनी गावी, बोरीला आली ती उतरल्या तोंडानं.

पाळण्याभोवती बाया जमल्या. सत्यशीलाकाकूंनी सूर धरला,

"तिसऱ्या दिवशी आत्या गं आली,
घेऊन चांदीचा वाळा,
जो जो गं बाळा..."

दर कडव्याचा शेवट तोच, 'जो जो गं बाळा'. तेवढ्यात घुगऱ्यांचं ताट आलं, काकूंचं ध्यान सुटलं. पुढं जायचं सोडून गाणं मागं वळलं, "तिसऱ्या दिवशी आत्या..."

"काकू, आत्याला दोनदा आणायलाव काय!" बाळंतीण हसली. "एकाच नणंदेचा रुसवा झेपंना आमाला."

काकू थांबतात कशाच्या? सुरातच म्हणाल्या,

"मावशी गं आली, घेऊन मोत्यांची माळा,
जो जो गं बाळा..."

बाळाची मावशी रुख्मिणी दाराशी उभी होती. ती पाळण्याजवळ आली. "काकू, तुमी चुकलाव म्हणून मी आले बगा गाण्यात. लय बरं झालं."

सगळ्या हसल्या. सुकेशनी मात्र ती दोन कडवी मनात घोळवू लागली. चूक तर झाली होती. पण आता कडवी दोन होती आणि दोन्ही खरी. जोंधळ्याचंही असंच झालं असेल का? कधीकाळी त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांपाशी वाट चुकून एका जनुकाची दोन झाली, मग दुसरं हळूहळू बदलत गेलं?

सोमवारी तिनं सरांना बारशाची गोष्ट सांगितली. ते हसले, मग खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले. यंत्रानं एका दमात वाचलेले डीएनएचे लांब धागे दोघांनी तपासले. एकाच अखंड धाग्यावर दोन्ही जनुकं होती. दुसरा धागा, तिसरा धागा, तेच. मग कोणतं जनुक कुठं काम करतं तेही पाहिलं: एक पानांत जागं, दुसरं मुळांत.

"थोडक्यात वाचलो," सर म्हणाले. "मावशीला दारातूनच परतवून लावलं असतं मी."

दुपारी सुकेशनीनं डबा उघडला. जोंधळ्याची भाकरी मोडण्याआधी तिनं ती कपाळाला लावली.