वन्संची ग्रानिता

"अगं दार लाव ते! सारखं उघडून बघितलंस तर गोठायचं कसं?" व्हेनेरा खुर्चीतूनच ओरडली.

अल्फियाने फ्रीजचं दार लावलं, पण हात मुठीवरून निघेना. ॲल्युमिनियमच्या थाळ्यातलं लिंबाचं पाणी पहाटे ठेवलं तसंच डुचमळत होतं. एव्हाना कडेने बर्फ धरायला हवा होता, काट्याने खरवडून तो मध्ये ओढायला हवा होता. ती खिडकीशी गेली, रस्ता बघून परत आली, मांडलेले पेले उगीच पुन्हा पुसले.

"तुझ्या पायाला काय भिंगरी लागलीय आज?"

"उकडतंय, वन्सं. दक्षिणेचा वारा सुटलाय ना."

वारा होताच. आफ्रिकेकडून येणारा तो गरम वारा सुटला की सगळं गाव चिडचिडं व्हायचं. पण अल्फियाचा जीव टांगला होता तो आज शहरातून येणाऱ्या चिरिनोसाठी, दिराच्या मुलासाठी.

व्हेनेरा तिची थोरली नणंद. लग्न न करता माहेरीच राहिलेली. अल्फिया नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा नणंदेने सगळ्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या होत्या, फक्त एक गोष्ट सोडून. ग्रानिता, म्हणजे लिंबाचा खरवडलेला गोड बर्फ, करायची ती वन्संनीच. त्या काळी ज्वालामुखीच्या डोंगरावरून पेंढ्यात गुंडाळलेला बर्फ यायचा. लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ, मध्ये लिंबाच्या रसाचं भांडं, आणि ते फिरवत बसलेली बाह्या सरसावलेली व्हेनेरा. साखर कधी मोजली नाही तिने. बोट बुडवून जिभेला लावायची, की झालं. पुढे फ्रीज आला, अल्फियाचा नवरा गेला, घरात दोघीच उरल्या, तरी जीभ तीच होती.

गेल्या महिन्यात मात्र व्हेनेरा चर्चमधून निघाली ती घराकडे न वळता खाली समुद्रापर्यंत गेली. पाववाल्याला ती तिथे अनवाणी दिसली, त्याने स्कूटरवर बसवून आणून सोडलं. ही बातमी शहरात भाच्याच्या कानावर गेलीच. नन्सच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होती. "मी येतो, आत्याला बघतो, मग ठरवू," चिरिनो फोनवर म्हणाला होता.

म्हणून तर अल्फियाला ग्रानिता हवी होती. एक चमचा तोंडात गेला की पोराला कळेल, आत्या आहे तशीच आहे.

पहाटे लिंबं पिळून व्हेनेरा हात धुवायला गेली, तेव्हा अल्फियाने पाहिलं, साखरेच्या बरणीचं झाकण घट्ट लागलेलं, चमचा कोरडा. विसरल्या! बिनसाखरेचं पाणी म्हणजे दगड होणार, काटा मोडेल. तिने घाईघाईने साखर ओतली, ढवळली. चाखून बघणार तोच पावलं वाजली.

आता इतक्या वेळाने तिला उमगलं. गोठत नव्हतं, कारण साखर जास्त झाली होती. वन्संनी साखर घातली होती, झाकण लावलं होतं, चमचा पुसून ठेवला होता. जन्मभर ठेवत आल्या तसाच.

आणि आपण विश्वास ठेवला नाही.

पुन्हा करायला वेळ नव्हता. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

चिरिनो घामाघूम होऊन आला. गरम पाव घेऊन आला होता, डोक्यावर अंबाड्यासारखा गोळा असलेले. दोघींच्या गालाचे मुके घेऊन बसला.

"काय काकू, सगळं ठीक?"

"अगदी! वन्सं तर माझ्यापेक्षा तरतरीत आहेत. ते समुद्राचं म्हणशील तर, मीच म्हटलं होतं, जरा वारा खाऊन या."

"चपला न घालता?"

अल्फिया लगबगीने फ्रीजकडे वळली. तिने पेले भरून आणले. काट्याची गरजच नव्हती, सगळं सरळ ओतलं गेलं.

व्हेनेराने पेला तिरका केला. बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"दोनदा साखर घातली मी," ती हळूच म्हणाली.

"नाही हो वन्सं! मी घातली. तुम्ही विसरलात असं वाटलं मला. माझी चूक."

"काकू, पुरे आता," चिरिनो समजुतीच्या सुरात म्हणाला. "समुद्राचा वारा तुम्हीच खायला पाठवलंत. दूध उतू जाऊन गॅस विझला तेव्हाही म्हणे तुम्हीच. आणि आता साखरही तुम्हीच?"

"अरे, हे खरं आहे! शपथ घेते."

"तेव्हाही शपथच घेतली होतीत."

"तिला कशाला बोलतोस?" व्हेनेराने पेला खाली ठेवला. "मला काय ते सांग. कधी न्यायचंय?"

चिरिनो पावाकडे बघत राहिला.

"दोन खाटा बघ मग," अल्फिया म्हणाली.

"एकच आहे, काकू."

"मग दुसरी रिकामी होईस्तोवर थांब. म्हाताऱ्यांचंच घर ना ते? होईल की."

व्हेनेरा खुदकन हसली. चिरिनोलाही हसू आवरलं नाही. पावाचा अंबाडा जिवाच्या माणसाला द्यायचा, अशी तिथली रीत. त्याने आपला तोडला आणि आत्याच्या बशीत ठेवला. उरलेला पाव त्या गोड पाण्यात बुडवून खाल्ला, पेलाही संपवला.

"सप्टेंबरात बोलू," तो उठता उठता म्हणाला. अल्फियाला दाराशी बाजूला घेऊन पुटपुटला, "तोवर नीट लक्ष ठेवा, काकू. त्यापुढं मला थांबता येणार नाही."

गाडी वळणाआड गेली. अल्फिया स्वयंपाकघरात परतली, तर व्हेनेरा एप्रन कमरेला बांधून ओट्याशी उभी. समोर लाकडी फळी, हातात सुरी.

"लिंबं संपली बघ. जा, झाडावरची आण चार. चिरिनो यायच्या आत गोठायला हवी."

अल्फिया उंबऱ्यावर थबकली. टेबलावर तीन पेले तसेच होते.

"किती आणू म्हणालात?"

"जास्तच आण. पोराला आवडते."

ती परसात गेली. रात्री डोंगराने राख टाकली होती, पानापानावर काळी भुकटी बसली होती. तिने एक लिंबू तोडलं, एप्रनला पुसून लख्ख केलं, त्याच्याच ओच्यात टाकलं, आणि चवड्यांवर उभी राहून वरच्या फांदीला हात घातला.